चॅरिझार्डसाठी बाकीचे ५७ पत्ते

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाचीकडे पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळातले चॅरिझार्ड ईएक्सचे दोन पत्ते होते, दोन्ही अस्सल, आणि तरीही रविवारच्या डावांत ती सारखी हरत होती. कधी चॅरिझार्ड आलाच नाही. कधी आला, पण तो ज्याच्यावर बसवायचा तो चारमँडर बेंचवर, म्हणजे मागच्या रांगेत, नव्हता. कधी सगळं जमून आलं तेव्हा समोरच्याचे जिंकायला लागणाऱ्या सहांपैकी पाच प्राइज घेऊन झाले होते. "मावशी, हा टाकला की जिंकलेच की मी! पण टाकायलाच मिळत नाही," असं ती म्हणायची. हे प्रकरण त्या टाकायला न मिळण्याचं आहे.

एका पत्त्याभोवती डेक बांधायचा म्हटलं की मुलं तो पत्ता घेतात आणि त्याच्या भोवती आपल्याजवळचे बाकीचे भारी पत्ते लावतात. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मुख्य पत्ता काय करतो हे त्याच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, ते सगळेच वाचतात. तो काय मागतो हे वाचायचं आणि बाकीचा डेक त्या मागण्यांतून काढायचा. चॅरिझार्ड ईएक्सची मागणी मोठी आहे, म्हणून हे उदाहरण सविस्तर लिहिण्यासारखं वाटलं.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेममध्ये डेक बरोबर ६० पत्त्यांचा. एकाच नावाचे जास्तीत जास्त ४ पत्ते, फक्त बेसिक एनर्जीला, म्हणजे हल्ल्यासाठी पोकेमॉनला लावायच्या साध्या पत्त्यांना, ही मर्यादा नाही. सुरुवातीला ७ पत्ते हातात, त्यांत एक तरी बेसिक, म्हणजे थेट मांडता येणारा, पोकेमॉन हवाच. नसेल तर हात दाखवून पुन्हा पिसायचं, आणि तेवढ्या वेळा समोरचा एक-एक पत्ता जास्त उचलू शकतो. मग डेकवरचे ६ पत्ते प्राइज म्हणून उपडे बाजूला. समोरच्या पोकेमॉनचे एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, संपवून तो नॉकआउट केला की एक प्राइज उचलायचं, त्याच्या नावापुढे ईएक्स किंवा व्ही असेल तर दोन. सहाही ज्याने आधी उचलले तो जिंकला. एका टर्नमध्ये हातातून एकच एनर्जी लावता येते आणि मदतीच्या पत्त्यांपैकी सपोर्टर एकच खेळता येतो. आयटम मात्र कितीही.

रविवारी जमणारा गट चार-पाच जणांचा. शाळकरी मुलं आणि वालचंदला इंजिनिअरिंग करणारा एक दादा, ज्याचा डेक मिरायडॉन ईएक्सचा. गटाचे नियम साधे आहेत. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे सोनेरी, चकचकीत नकली पत्ते चालत नाहीत, कारण त्यांची जाडी वेगळी असते आणि पिसताना बोटाला कळते. पण जो पत्ता विकत घ्यायचा विचार आहे, त्याचं नाव कागदावर लिहून ती चिठ्ठी स्लीव्हमध्ये, म्हणजे पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात, एखाद्या साध्या पत्त्यावर सरकवून डाव खेळायला परवानगी आहे. अधिकृत स्पर्धेत असं चालत नाही, तिथे पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यातलं अक्षरही तपासतात; एफ अक्षराचे पत्ते २०२५ मध्ये स्टँडर्ड प्रकारातून गेले. घरच्या गटात अक्षराची अट नाही. चिठ्ठीची सोय मला फार मोलाची वाटते. सुटे पत्ते बाहेरगावाहून कुरिअरने मागवावे लागतात, आणि मागवून झाल्यावर पत्ता डेकमध्ये बसत नाही हे कळणं मुलांच्या खाऊच्या पैशाला परवडत नाही.

आता तो पत्ता. भाचीकडचा चॅरिझार्ड ईएक्स ऑब्सिडियन फ्लेम्स या २०२३ च्या संचातला, कोपऱ्यात १२५/१९७ असा क्रमांक असलेला. त्याच वर्षी १५१ नावाच्या संचातही एक चॅरिझार्ड ईएक्स आला. नाव तेच, एचपी तेवढेच, पण त्याला ॲबिलिटी (हल्ल्यापेक्षा वेगळी खास करामत) नाही आणि मोठ्या हल्ल्याला चार एनर्जी लागतात. नाव एकच असल्यामुळे दोन्ही मिळून चारच ठेवता येतात. घेताना चित्र बघून घेतला की हमखास घोटाळा होतो, म्हणून क्रमांक बघायचा.

१२५ क्रमांकाच्या पत्त्यावर काय आहे ते ओळीने वाचू. स्टेज २, म्हणजे बेसिकच्या वरची दुसरी पायरी, एचपी ३३०. इन्फर्नल रेन ही ॲबिलिटी: हातातून हा पत्ता टाकून पोकेमॉन इव्हॉल्व्ह केला की डेकमधून तीनपर्यंत बेसिक फायर एनर्जी शोधून आपल्या पोकेमॉनना हव्या तशा लावायच्या. बर्निंग डार्कनेस हा हल्ला: दोन फायर एनर्जी, १८० डॅमेज, आणि समोरच्याने जितके प्राइज घेतले असतील तितक्या वेळा आणखी ३०. गवताच्या हल्ल्याला तो कच्चा. टेरा प्रकारचा असल्यामुळे बेंचवर असेपर्यंत हल्ल्याने त्याला इजा होत नाही.

यातून मागण्या काढल्या त्या अशा. स्टेज २ म्हणजे खाली चारमँडर आधीच बसलेला हवा. मधली चार्मेलिऑनची पायरी चढायची नसेल तर रेअर कँडी हवी, आणि रेअर कँडी आपल्या पहिल्या टर्नला चालत नाही, त्याच टर्नला बसवलेल्या बेसिकवरही चालत नाही. म्हणजे चॅरिझार्ड लवकरात लवकर दुसऱ्या टर्नला, तेही चारमँडर पहिल्या टर्नलाच बसला असेल तर. एनर्जी डेकमध्ये राहिलेली हवी, हातात नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हल्ल्याचा जोर समोरच्याच्या प्राइजवर वाढतो, तेव्हा सुरुवातीला थोडं मागे राहूनही चालायला हवं.

भाचीच्या पहिल्या डेकमध्ये यातली एकही मागणी पुरी होत नव्हती. चारमँडर ४, चार्मेलिऑन ३, चॅरिझार्ड २, रेअर कँडी २. बाकी म्यूटू, पिकाचू, ल्युकारियो, ईव्ही असे तिचे आवडते, आणि त्या सगळ्यांना पुरतील म्हणून तीन रंगांच्या मिळून २० एनर्जी. पहिल्या सात पत्त्यांत सरासरी दोनाहून जास्त एनर्जी येत होत्या, त्याही नको त्या रंगाच्या. डेकमध्ये फायर एनर्जी थोड्या आणि त्यांतल्या काही आधीच हातात, त्यामुळे इन्फर्नल रेनला शोधायला पुरेशा उरत नसत.

तिला आकडे करून दाखवले. शाळेत संभाव्यता शिकवतात तेव्हा पिशवीतल्या लाल-निळ्या गोट्या असतात. इथे तोच हिशोब स्वतःच्या चॅरिझार्डचा होता म्हणून तिने चिकाटीने केला. दुसऱ्या टर्नपर्यंत आपण ७ आणि २ असे ९ पत्ते बघतो. डेकमध्ये चारमँडर ४, रेअर कँडी ४ (तिच्याकडे तर दोनच होत्या) आणि चॅरिझार्ड २ धरले, तरी त्या ९ पत्त्यांत तिन्ही एकत्र येण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या किंचित वर आहे. शंभर डावांत पाच. ज्या पत्त्यावर आपण सगळा डाव लावलाय तो पाच टक्के वेळा वेळेवर येणार असेल, तर तो डेक त्याच्याभोवती बांधलेला नाहीच. तो त्या डेकमध्ये नुसता पडलेला आहे.

हे पाच टक्के वाढवायचे कसे, हाच या बांधणीतला खरा अभ्यास. चारमँडर चारहून जास्त ठेवता येत नाहीत, पण चारमँडर आणून देणारे पत्ते ठेवता येतात. बडी-बडी पॉफिन हा आयटम डेकमधून ७० किंवा कमी एचपीचे दोन बेसिक थेट बेंचवर बसवतो. चारमँडर ७० चा, बरोबर बसतो. नेस्ट बॉल एक बेसिक बसवतो. पॉफिन ४ आणि नेस्ट बॉल ३ घातले की चारमँडर मिळवून देणारे पत्ते चाराचे अकरा होतात. पहिल्या टर्नला दिसणाऱ्या ८ पत्त्यांत त्यांतला एक तरी असण्याची शक्यता साधारण ४४ टक्क्यांवरून ८२ वर जाते. रेअर कँडीचंही तसंच. आर्वेन हा सपोर्टर एक आयटम आणि एक टूल (पोकेमॉनला जोडायचा पत्ता) शोधून देतो, तेव्हा ४ कँडी आणि ४ आर्वेन मिळून आठ वाटा, ९ पत्त्यांत ७५ टक्के. चॅरिझार्डसाठी अल्ट्रा बॉल: हातातले दोन पत्ते टाकून कुठलाही पोकेमॉन शोधायचा. तिसरा चॅरिझार्ड घेतला (साधी छपाई, खेळात चकचकीत छपाईइतकीच कामाची), अल्ट्रा बॉल ४, मिळून सात वाटा, ९ पत्त्यांत ७० टक्के.

तिन्ही गोष्टी एकत्र जमण्याचा हिशोब पुन्हा केला तर आकडा ४२ टक्क्यांवर येतो. पाचाचे बेचाळीस, आणि यात अजून पत्ते उचलायला लावणारा एकही सपोर्टर धरलेला नाही. तिच्या डेकमध्ये या बदलाने नवा असा एकही जोरदार हल्ला आला नाही, आले ते सगळे शोधाशोध करणारे, दिसायला फिके पत्ते. मला या खेळातलं सगळ्यात सुंदर काय वाटतं, तर हे.

एनर्जीच्या बाबतीत वाद झाला. २० वरून ७ हे तिला पटेना. "सातच? संपल्या तर?" पण एक चॅरिझार्ड तीन आणतो, दुसरा तीन आणतो, झाल्या सहा. सातवी हातात आली तर पहिल्या चारमँडरला लावायला. नॉकआउटबरोबर गेलेल्या एनर्जी सुपर रॉडने डेकमध्ये परत पिसून घालता येतात, पोकेमॉन आणि बेसिक एनर्जी मिळून तीन. सुपर रॉड दोन ठेवले. सात एनर्जी म्हणजे पहिल्या हातात सरासरी एकाहून कमी, आणि या पत्त्याला तेच हवं आहे. दुसऱ्या कुठल्या डेकमध्ये सात एनर्जी वेडेपणा ठरेल. इथे आठवी घातली की एका शोधक पत्त्याची जागा जाते.

इथे जुन्या चॅरिझार्डची आठवण काढायला हवी. इंग्रजी बेस सेट १९९९ मध्ये आला, त्यातला चॅरिझार्ड आज संग्राहकांचा सगळ्यात लाडका पत्ता आहे. खेळायला मात्र तो जड होता: १२० एचपी, फायर स्पिनला चार एनर्जी, १०० डॅमेज, आणि मारल्यावर दोन एनर्जी टाकून द्यायच्या. त्या काळात डाव गाजवला तो त्याच संचातल्या ब्लास्टॉइजने, कारण रेन डान्समुळे एका टर्नमध्ये हव्या तितक्या पाण्याच्या एनर्जी लावता येत आणि अख्खा डेक त्या एका वाक्याभोवती उभा राहत असे. त्यालाही हिटमोनचॅन, इलेक्टाबझ, सायथर अशा नुसत्या बेसिकांचा हेमेकर डेक भारी पडायचा, कारण स्टेज २ जमेपर्यंत तो मारत सुटायचा. वालचंदच्या दादाचा मिरायडॉन डेक हा त्याच जातीचा आहे. मिरायडॉन स्वतः बेसिक, २२० एचपी, टँडम युनिटने दोन इलेक्ट्रिक बेसिक बेंचवर आणतो, इलेक्ट्रिक जनरेटरने एनर्जी मिळते, आणि फोटॉन ब्लास्टर २२० मारतो.

म्हणजे चॅरिझार्ड येण्याआधीचे एक-दोन टर्न मार खायचाच आहे. प्रश्न एवढाच की कुणी खायचा. पहिल्या डेकमध्ये म्यूटू ईएक्स पुढे बसायचा आणि नॉकआउट झाला की एका फटक्यात दोन प्राइज जायचे. नव्या डेकमध्ये क्लेफा दोन घातल्या. क्लेफाला ३० एचपी, काहीच टिकत नाही, पण तिचा हल्ला फुकट आहे: हातात सात होईपर्यंत पत्ते उचल. ती गेली तरी एकच प्राइज, आणि तेवढ्यात आपला हात भरलेला. शिवाय समोरच्याने ते एक प्राइज घेतलं की चॅरिझार्डचे १८० चे २१० होतात. भाचीने वहीच्या मागच्या पानावर तक्ता केला, तो आता तिच्या डेकच्या डबीत असतो: शून्य प्राइजला १८०, एकाला २१०, दोनाला २४०, तिनाला २७०, चाराला ३००, पाचाला ३३०. याच तर्काने डिफायन्स बँड हे टूल आलं. आपले प्राइज समोरच्यापेक्षा जास्त उरले असतील तर समोरच्या ॲक्टिव्ह, म्हणजे पुढे असलेल्या, पोकेमॉनला आणखी ३०. काउंटर कॅचरही तसाच, मागे असतानाच चालतो आणि समोरच्याच्या बेंचवरचा हवा तो पोकेमॉन पुढे ओढतो.

बदललेला डेक कसा चालला ते एका डावावरून सांगते. दादा दुसरा होता, आणि पहिल्या टर्नला हल्ल्याची बंदी आधी खेळणाऱ्यालाच असते, म्हणजे त्याला पहिल्याच टर्नला हल्ला करता आला. भाचीची क्लेफा पुढे, बेंचवर दोन चारमँडर आणि एक पिजी (पिजॉट ईएक्सचा बेसिक, त्याचं काम पुढे येईल). जनरेटर लागला, फोटॉन ब्लास्टर पडला, क्लेफा गेली. दादाने एक प्राइज उचललं. भाचीने चारमँडर पुढे आणला. तिच्या दुसऱ्या टर्नला हातात आर्वेन होता. आर्वेनने रेअर कँडी आणि डिफायन्स बँड आणले. अल्ट्रा बॉलसाठी एक स्विच आणि एक एनर्जी टाकली, चॅरिझार्ड शोधला. चारमँडरवर कँडी, कँडीवर चॅरिझार्ड, इन्फर्नल रेनच्या तीन एनर्जी, त्यांतल्या दोन त्याच्यावर आणि एक बेंचवरच्या चारमँडरवर. मग बँड. ती बोटावर मोजत बोलली, "एकशेऐंशी आणि तीस, दोनशे दहा. बँडचे तीस, दोनशे चाळीस." मिरायडॉन २२० चा. गेला. दोन प्राइज.

आता तिचे चार उरले, दादाचे पाच, म्हणजे बँड बंद. दादाने दुसरा मिरायडॉन पुढे आणून २२० मारले, चॅरिझार्ड ११० वर. भाचीचा हल्ला २१० चा, समोर २२०. दहा कमी! पहिल्या डेकवाली भाची मारून मोकळी झाली असती. या वेळी तिने वही काढली, मग दादाच्या बेंचकडे बघितलं. तिथे स्क्वॉकाबिली ईएक्स होता. तो पहिल्या टर्नला हात टाकून सहा पत्ते उचलायला कामी येतो आणि नंतर नुसता बसून राहतो, १६० एचपी, दोन प्राइजचा. बॉसेस ऑर्डर्सने तो पुढे ओढला आणि मारला. आता तिचे उरले दोन. "काकू, हिला कुणी शिकवलं हे?" दादाने मला विचारलं. मी काही बोलले नव्हते, तक्त्यानेच शिकवलं. पुढच्या टर्नला आयोनो खेळून तिने दादाला पाच पत्त्यांवर आणलं, त्याला चॅरिझार्ड पाडायला एनर्जी सापडेना, आणि डाव भाचीचा झाला.

आयोनोबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत. हा सपोर्टर दोघांचेही हात डेकखाली घालतो आणि ज्याचे जितके प्राइज उरले तितके पत्ते त्याला देतो. मागे राहून जिंकणाऱ्या डेकमध्ये त्याची धार वाढत जाते: समोरच्याचा एकच प्राइज उरला असेल तर त्याला एकच पत्ता मिळतो, आणि त्याच वेळी आपला चॅरिझार्ड ३३० मारतो. पण आपला हातही लहान झालेला असतो, म्हणून पिजॉट ईएक्स. त्याची क्विक सर्च ही ॲबिलिटी दर टर्नला डेकमधला कुठलाही एक पत्ता हातात देते. हात रिकामा असला तरी हवा तो पत्ता मिळतो. पिजी दोन, पिजॉट ईएक्स दोन. चॅरिझार्ड हा या डेकचा मुख्य पत्ता खरा, पण पिजॉट बसला नाही तर लांबलेला डाव तो एकटा ओढू शकत नाही. इथे भाचीचं आणि माझं अजून जमलेलं नाही. हातात एकच कँडी आहे, चारमँडर आणि पिजी दोन्ही बसलेले आहेत, तर कँडी कुणावर? ती म्हणते चॅरिझार्डवर, कायम. मी म्हणते समोरचा पुढच्या टर्नला पिजी मारू शकत नसेल तर आधी पिजॉट, कारण तो पुढच्या टर्नला चॅरिझार्डही आणतो आणि कँडीही. मिरायडॉनसारख्या झटपट डेकसमोर तिचं बरोबर असतं, हे मी मान्य करते. संथ डेकसमोर ती घाई करते असं मला अजूनही वाटतं. चार्मेलिऑनची एक प्रत याच भांडणासाठी ठेवली आहे, कँडी पिजॉटला गेली तर चॅरिझार्डला दुसरा रस्ता असावा म्हणून.

आता सध्याची यादी. पोकेमॉन १५: चारमँडर ४, चार्मेलिऑन १, चॅरिझार्ड ईएक्स ३, पिजी २, पिजॉट ईएक्स २, क्लेफा २, रोटम व्ही १. फायर एनर्जी ७. ट्रेनर, म्हणजे सपोर्टर, आयटम, टूल वगैरे मदतीचे पत्ते, ३८: रेअर कँडी, पॉफिन, अल्ट्रा बॉल, आर्वेन आणि आयोनो प्रत्येकी ४, नेस्ट बॉल, प्रोफेसर्स रिसर्च आणि बॉसेस ऑर्डर्स प्रत्येकी ३, सुपर रॉड, स्विच आणि आर्टाझोन प्रत्येकी २, काउंटर कॅचर, डिफायन्स बँड आणि फॉरेस्ट सील स्टोन एकेक.

यात बेसिक पोकेमॉन नऊच आहेत. नऊ बेसिक म्हणजे दहांतल्या तीन डावांत पहिला हात परत पिसावा लागतो. बारा केले तर ते प्रमाण १९ टक्क्यांवर येतं. भाचीने लगेच पिकाचू पुढे केला, "तीन पिकाचू घालू की मग!" हा मोह समजण्यासारखा आहे आणि तिचा मुद्दा आकड्याने बरोबर होता. पण पिकाचूने सुरू झालेला हात चॅरिझार्डची एकही मागणी पुरी करत नाही. परत पिसण्यात समोरच्याला एखादा पत्ता जास्त जातो. निरुपयोगी बेसिकने सुरुवात झाली तर आपला अख्खा टर्न जातो. यातलं दुसरं नुकसान मला मोठं वाटतं, म्हणून नऊवर थांबलो. पिकाचू डबीच्या झाकणाच्या आत चिकटवलाय, तो तिथेच राहील.

प्राइजमध्ये अडकलेल्या पत्त्यांचा मुद्दा मुलं पूर्ण विसरतात. सहा पत्ते उपडे बाजूला जातात, त्यांत आपला मुख्य पत्ता गेला तर? एकच प्रत असेल तर ही शक्यता सरळ १० टक्के. दोन प्रती असतील तर दोन्ही जाण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी, पण एक तरी जाण्याची १९ टक्के. तीन चॅरिझार्ड ठेवण्याचं हेही एक कारण. भाचीला आता सवय लागली आहे की डावात पहिल्यांदा डेकमध्ये शोधायची वेळ आली, मग ते पॉफिनने असो की नेस्ट बॉलने, की ती आधी चॅरिझार्ड, कँडी, पिजॉट आणि एनर्जी मोजून घेते. जे कमी भरेल ते प्राइजमध्ये. सुरुवातीला तिला बराच वेळ लागायचा, समोरची मुलं वैतागायची. आता ती पत्ते पंख्यासारखे पसरून ओठांत पुटपुटत झरकन उरकते.

आणखी एक अडचण पुस्तकी नाही, सांगलीच्या पावसाची आहे. ईएक्स पत्ते फॉइलचे असतात, आणि दमट हवेत फॉइल वाकतं. जुलैत तिचे चॅरिझार्ड इतके वाकले की डेक टेबलावर ठेवला की कडेने बारीक फट दिसायची. म्हणजे पाठीमागून बघूनही चॅरिझार्ड कुठे आहे ते कळत होतं. समोरच्या पोराने ते बरोबर हेरलं आणि हरकत घेतली, आणि त्याचं बरोबरच होतं. खुणेचा पत्ता हा कुठल्याही स्पर्धेत दंडाचा विषय. उपाय असा केला की सगळ्या ६० पत्त्यांना एकाच रंगाच्या, मागून अपारदर्शक, घट्ट स्लीव्ह, आणि खेळणं नसेल तेव्हा डेक डबीत घट्ट बसवून वर जाडजूड पुस्तक. डबीत सिलिका जेलची पुडी. आणि भडंगाची वाटी टेबलापासून लांब. तेलकट हाताने स्लीव्ह चिकटतात, मग पिसताना दोन-दोन पत्ते एकत्र सरकतात आणि डेक नीट पिसला जात नाही. हे नियम सगळ्या गटाने लावून घेतले.

उरला एक प्रश्न, तो रोटम व्हीचा. इन्स्टंट चार्जने तीन पत्ते उचलता येतात, त्या बदल्यात टर्न तिथेच संपतो. पहिल्या टर्नला हे उत्तम, आणि आर्वेनने आणलेला फॉरेस्ट सील स्टोन रोटमला लावला की डावात एकदा कुठलाही पत्ता शोधता येतो. पण रोटम दोन प्राइजचा आहे आणि मिरायडॉनच्या एका हल्ल्यात जातो. हिशोब असा. क्लेफा, चारमँडर आणि दोन चॅरिझार्ड अशी वाट असेल तर समोरच्याला सहा प्राइजसाठी चार नॉकआउट लागतात. रोटम बेंचवर दिसत असेल तर तो आणि दोन चॅरिझार्ड, तीन नॉकआउटमध्ये डाव संपतो. बॉसने तो कधीही पुढे ओढता येतो, म्हणजे लपवताही येत नाही. रोटम गेल्याने चॅरिझार्डचा जोर एकदम ६० ने वाढतो हे खरं, पण त्या मोबदल्यात गेलेला एक टर्न परत मिळत नाही.

रोटम काढला तर सील स्टोनही निघतो, कारण तो व्ही पोकेमॉनशिवाय चालत नाही. दोन जागा मोकळ्या होतात. त्यांतल्या एका जागी तिसरा पिजी घालायचा यावर आमचं एकमत आहे. बेसिक तेवढेच राहतात आणि पिजॉट बसण्याची खात्री वाढते. दुसऱ्या जागी भाचीला चौथा बॉस हवाय, मला दुसरा चार्मेलिऑन. दोन्हींच्या चिठ्ठ्या लिहून झाल्या आहेत. पुढच्या रविवारी दादाच्या मिरायडॉनसमोर तिची चिठ्ठी आधी लागेल आणि त्यानंतरच्या डावांत माझी, आणि ज्या चिठ्ठीने चॅरिझार्ड दुसऱ्या-तिसऱ्या टर्नला जास्त वेळा बसतो ती ठेवून मग तो पत्ता मागवायचा असं ठरलंय.